वरचा एक

जालन्याहून बाहेर काय जातं असं विचारलं तर शाळकरी पोरगंही सांगेल: लोखंडी सळ्या, बियाणं आणि मोसंबी. त्यात चौथी भर मी आणि पारसने घातली. ती अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेली नाही आणि एकंदर रंग पाहता येणारही नाही. आम्ही चौकट बनवली. लाकडाची नव्हे. वेबसाइट बनवणाऱ्यांना दर वेळी पायापासून सगळं लिहीत बसावं लागू नये म्हणून एक तयार सांगाडा मिळतो. त्याच्यात आपापली दारं-खिडक्या बसवायची आणि दुकान उघडायचं. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आमच्या फ्रेमवर्कचं नावच 'चौकट'. दोन वर्षं राबून आम्ही ती बनवली आणि मग सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली, आतल्या कोडसकट, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उघडून पाहावी, बदलावी, वापरावी. याला ओपन सोर्स म्हणतात. आमच्या गावात, टेंभुर्णीत, असल्या उद्योगाला दुसरा शब्द आहे, तो इथे लिहिता येत नाही.

मी राधेश्याम. पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून जालन्याला आलो, त्यामुळे गावात माझ्याविषयी दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, मला कंपनीने हाकललं. दुसऱ्याचं म्हणणं, मी जालन्यात सुतारकाम शिकतोय. या दुसऱ्या पक्षाचे संस्थापक आमचे वडील, धर्मराज, म्हणजे अण्णा. ते स्टँडवरच्या हॉटेलात चारचौघांत बसून फोन लावायचे आणि मोठ्याने विचारायचे, "मंग, चौकट बसली का न्हाई अजून?" मी म्हणायचो, "बसून राह्यली, अण्णा." महिनाभरात गावातल्या काकासाहेब नावाच्या एका भल्या माणसाने मला व्हॉट्सॲपवर माप पाठवलं. साडेतीन बाय सात, सागवानी, वर गणपती कोरलेला, आणि खर्च किती येईल ते कळव. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

पारस माझा इंजिनिअरिंगचा जोडीदार. त्यांचं घराणं कधीकाळी राजस्थानातून आलं आणि आता इतकं जालन्याचं झालंय की राजस्थान त्यांना फक्त सुट्टीत आठवतं. त्याचे वडील बालकिशन, ज्यांना सगळे बाबूजी म्हणतात, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलना बेअरिंग आणि मशीनचे पट्टे पुरवतात. मिल बंद पडली की मालक आधी देवाला आणि मग बाबूजींना फोन करतो, कधीकधी उलट क्रमाने. दुकान खाली, घर मागे आणि दुकानाच्या वर एक खोली. त्या खोलीत आम्ही दोन वर्षं होतो. जागा, वीज, इंटरनेट, दुपारचं जेवण, सगळं बाबूजींचं. बदल्यात त्यांनी एकच हक्क राखून ठेवला होता, रोज संध्याकाळी वर येऊन "काय करून राह्यले?" असं विचारण्याचा. आम्ही सांगायचो, ते ऐकून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारायचे.

फुकट देण्याची गोष्ट त्यांना पटायला जड जाईल असं आम्हाला वाटलं होतं. ती एका मिनिटात पटली.

"पाणपोई लावून राह्यले म्हणा की," ते म्हणाले. "बराबर हाये. पण पाणपोईवर माणूस तर आला पायजे. रांजण भरून ठेवला आन कोणी प्यालंच न्हाई, तर तिला पाणपोई न्हाई म्हणत. डास पैदा करायचं काम म्हणतात."

आणि त्यांनी अट घातली. अक्षय तृतीयेला चौकट बाहेर काढा. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एका तरी परक्या माणसाने तिच्यावर आपली वेबसाइट चालवून दाखवली तर खोली तुमची, पुढे मी तोंड उघडणार नाही. नाही आला कोणी, तर पाडव्याला खोली खाली करायची. तिथे पट्ट्यांचं गोदाम होईल आणि पारस दुकानात गादीवर बसेल.

"आन परका म्हंजे परका," त्यांनी बोट वर करून बजावलं. "नात्यातला बिलकुल चालत न्हाई. नात्यातले तोंडदेखलं पितात." पारसच्या मौसीचा मुलगा हर्ष संभाजीनगरला जिम चालवतो, तो लगेच म्हणाला होता, मी घेतो की माझ्या जिमसाठी. बाबूजींनी त्याला फोनवरच बाद केलं.

माझी सोय अण्णांनी आधीच करून ठेवली होती. ओळखीच्या एका मिलच्या गेटवर, अंगठा लावायच्या मशीनशेजारी बसायचं आणि कामगारांचा अंगठा उमटला की नाही ते बघायचं. कॉम्प्युटरची नोकरी आहे, असं अण्णांचं म्हणणं. पारस गादीवर आणि मी गेटवर म्हणजे चौकट मेली. ते एकट्याने ओढायचं काम नव्हतं. आणि मला ती मरू द्यायची नव्हती. पुण्यात पाच वर्षं दुसऱ्यांची कामं केली, त्यातलं एकही मला आठवत नाही, आणि चौकटीतली एकेक ओळ पाठ आहे. हे एकदाच सरळ सांगून टाकतो, कारण बाकी मी तिरकंच बोलणार आहे.

अक्षय तृतीया उजाडली. नवीन घराची चौकट बसवताना पूजा करतात, हे पारसच्या आईला, प्रेमबाईंना, पक्कं ठाऊक होतं. चौकट कशाचीही असो. त्यांनी लॅपटॉपच्या बिजागरीला हळद-कुंकू लावलं, मॉनिटरवर आंब्याची पानं बांधली आणि राऊटरला मौली, म्हणजे पूजेचा लाल धागा, गुंडाळली. पंडितजी आले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, चौकट कुठाय? पारसने स्क्रीनकडे बोट केलं. पंडितजींनी आयुष्यात बरंच पाहिलं असावं. त्यांनी फक्त तोंड कोणत्या दिशेला आहे ते विचारलं आणि टेबल पूर्वेकडे वळवायला लावलं. अक्षता कीबोर्डमध्ये गेल्या, त्यातल्या काही अजून तिथेच आहेत.

शेवटची कळ दाबायची तेवढी बाकी होती. बाबूजी वाकून स्क्रीनकडे बघत होते.

"हा आकडा कशाचा?"

"आवृत्तीचा, बाबूजी," पारस म्हणाला. "पहिली पक्की आवृत्ती. एक पॉइंट शून्य पॉइंट शून्य."

"म्हंजे शंभर."

"शंभर न्हाई, मधे टिंबं आहेत."

"टिंबं काढून टाक. काय राह्यलं? शंभरच." बाबूजींनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता व्यवहार संपला आणि तत्त्व सुरू झालं. "देताना शंभर कोणी देतं का? शंभर म्हंजे झालं, संपलं, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. देताना एकशे एक. तो वरचा एक असतो ना, तो सांगतो की अजून संपलं न्हाई. परत या."

मी समजावून पाहिलं. जगात सगळ्यांची पहिली आवृत्ती १.०.० असते. एकदम १.०.१ काढली तर लोकांना वाटेल, आधीच्या मालात काहीतरी खोट निघाली म्हणून गुपचूप दुरुस्ती केली.

"मंग चांगलंच की," बाबूजी म्हणाले. "दुरुस्त केलेला माल कधीबी चांगला."

पंडितजींनी मान डोलावली. मुहूर्त टळत चालला होता. प्रेमबाईंनी नारळ उचलून धरलेला, तो खाली येईना. पारसने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, एकशे एक टाकलं आणि कळ दाबली. नारळ फुटला. आमच्या चौकटीचा जन्म असा दुरुस्तीपासून झाला.

चौकटीखाली नाव कुणाचं घालायचं, हाही प्रश्न बाबूजींनीच सोडवला. कुणाचंच नाही, गुप्तदान. गोशाळेतल्या पंख्याच्या पात्यावर बाबूजींचं नाव आहे, पंखा बंद असताना मी ते स्वतः वाचलंय. पण तो पंखा फिरतो. आमची चौकट चालेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती आणि बंद पडलेल्या वस्तूवर दुकानाचं नाव नको होतं. त्यामुळे दोन वर्षांच्या कामाखाली आमची सही म्हणून नुसतं 'चौकटवाले' असं राहिलं. मला ते झोंबलं, आणि अजून झोंबतं.

पहिले काही महिने रांजण तुडुंब भरलेला होता आणि डासही फिरकले नाहीत. मग श्रावणात फिनलंडमधल्या कुठल्याशा गावातल्या वाचनालयाच्या माणसाने लिहिलं. चौकट तपासली, आवडली, वाचनालयाची सगळी साइट तिच्यावर आणायचा विचार आहे. आम्ही दोघांनी खोलीत अशा उड्या मारल्या की खालून बाबूजींनी काठीने छत ठोकलं. मग आम्ही उरलेलं वाचलं. त्याची एक शंका होती. १.०.० कुठे आहे? ती तुम्ही मागे घेतली का, आणि तिच्यात काय होतं?

पारसने जे खरं ते लिहिलं. आमच्या घरी देताना शून्यावर संपणारा आकडा देत नाहीत. मराठीत हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. इंग्रजीत ते पकडल्या गेलेल्या माणसाने घाईत सुचवलेलं वाटत होतं.

त्या उत्तराखाली जगभरचे रिकामटेकडे जमा झाले. कुणी म्हणे हे काहीतरी लपवून राह्यले आहेत. ब्राझीलच्या एकाने १.०.० मध्ये लोकांचे पासवर्ड चोरायची सोय असणार, असा लांबलचक लेख लिहिला, आकृत्यांसकट. जे कधी अस्तित्वातच नव्हतं त्यातल्या चुका इतक्या बारकाईने दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ज्यांना इतके कष्ट नको होते त्यांनी खाली नुसतं '+१' लिहिलं. आमच्या धंद्यात '+१' म्हणजे 'माझंही हेच म्हणणं आहे'. एकाने शिवी दिली की बाकीचे '+१' लिहून तिच्यावर सही करतात. दोन-तीन दिवसांत पानभर सह्या झाल्या.

संध्याकाळी बाबूजी नेहमीप्रमाणे वर आले. आमचे चेहरे पाहिले, मग स्क्रीन पाहिली.

"हे काय हाये?"

"लोकांचं म्हणणं," पारस म्हणाला.

बाबूजींनी स्क्रीनला बोट लावून वरून खालपर्यंत नेलं. +१. +१. +१. +१. इंग्रजीशी त्यांचं बिलापुरतं जमतं, पण आकडे त्यांना कुठल्याही भाषेत कळतात. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"हे सगळे वरचा एक देऊन राह्यले?"

पारस उगाच माउस हलवत राहिला.

"कुठले कुठले लोक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "त्यांना कोणी सांगितलं असंल हे? बघ राधेश्याम, तू म्हणत होता जगात असं न्हाई करत म्हणून."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. समोर पानभर शिव्या होत्या आणि माणूस गहिवरून आहेर घेत होता. पारसने माझ्या पायावर पाय ठेवला, तो पुरेसा होता. दुसऱ्या दिवशी दुकानात पेढे वाटले गेले. मिलचे फोरमन बेअरिंगसोबत पेढा घेऊन गेले आणि कशाचा म्हणून एकानेही विचारलं नाही, कारण पेढ्याला कारण विचारणारा माणूस फोरमन होत नाही.

आठवड्याने वाचनालयाने सभ्य भाषेत कळवलं की सध्या नको, २.०.० येईल तेव्हा पुन्हा विचार करू. बाबूजींना फक्त शेवटचा भाग सांगितला.

"दोनशे?" ते म्हणाले. "दोनशे एक."

त्या दिवशी माझं आणि पारसचं कडाक्याचं वाजलं. मी म्हणालो, एक १.०.० बनवून टाक, आत काही घालू नकोस, पण टाक. लोकांची तोंडं बंद होतील, फिनलंड परत येईल. तो ऐकेना.

"बाबूजी रोज ते पान बघून राह्यले, राध्या. त्यांना शंभर दिसलं तर?"

"ज्याला शिव्या आहेर वाटतात त्याला काय कळणार हाये?"

"म्हणूनच न्हाई टाकायचं," पारस म्हणाला. मी दरवाजा आपटून स्टँडवर जाऊन चहा पिऊन आलो.

दसरा गेला. अण्णांचा फोन आला की गेटवरची जागा धरून ठेवली आहे, पाडवा झाला की जल्दी ये, साहेब जास्त थांबणार नाही. खाली दुकानात दिवाळीची झाडलोट सुरू झाली आणि पट्ट्यांची भेंडोळी आमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. बाबूजींनी त्यांना अजून वर चढवलं नव्हतं. पण ती रोज एक-दोन पायऱ्या वर सरकत होती, आणि ती कोण सरकवतंय हे विचारण्यात अर्थ नव्हता.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा चौकटीच्या पानावर एक तक्रार येऊन पडली, तीही मराठीत. 'मोबाईलने काढलेले उभे फोटो साइटवर आडवे दिसतात. कृपया दुरुस्त करा.' खाली नाव, कनिका.

ज्याने कधी फुकटची पाणपोई लावली नसेल त्याला कळणार नाही, पण तक्रारीइतका गोड शब्द नाही. तक्रार आली म्हणजे कोणीतरी प्यालं. मी लगेच लिहिलं, दुरुस्त करतो, तुमची साइट कोणती, आणि इतक्या सगळ्यांत आमचीच चौकट का घेतली? ताबडतोब उत्तर आलं. 'पप्पांना चार-पाच दाखवल्या. एकीवर १.०.१ लिहिलेलं पाहून पप्पा म्हणाले, हीच घे. पहिल्याच दिवशी एकशे एक देणारा माणूस मधेच सोडून जायचा नाही.' खाली साइटचा पत्ता होता. तो मी दाबला.

'रामकिशन बेअरिंग्ज, नवा मोंढा, जालना.'

पारस माझ्या खांद्यावरून बघत होता. तो खाली बसला, खुर्ची तिथे आहे की नाही हे न बघता.

रामकिशन म्हणजे बाबूजींचे सख्खे धाकटे भाऊ. दहा-अकरा वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली. दुकान, माल, घर, दागिने, सगळं शांतपणे वाटलं गेलं. भांडण झालं ते टेलिफोन नंबरवरून. जुन्या दुकानाचा नंबर एमआयडीसीतल्या प्रत्येक मिलला पाठ होता, तो कुणाकडे राहणार? दोघंही हटेनात, त्यामुळे बिल कुणीच भरलं नाही आणि नंबर तुटला. आज दोघांच्याही दुकानात लँडलाइन नाही. भांडण मात्र चालू स्थितीत आहे. तोच माल, तीच गिऱ्हाइकं, लग्नाला एक भाऊ पहिल्या पंगतीला बसला तर दुसरा तिसरीला. कनिका ही रामकिशनकाकांची मुलगी, पारसला राखी बांधायची. ते बंद झालं तेव्हा ती शाळेत होती. आणि घरात चुकून नाव निघालंच तर बाबूजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मीसुद्धा दोन वर्षांत कितीदा ऐकलं असेल: "तो आमचा कोणी लागत न्हाई."

"मेलो," पारस म्हणाला. "त्यांच्याच धंद्यातल्या माणसाला आपण दुकान बांधून दिलं."

"मेलो कशाचे," मी म्हणालो. "जिंकलो." माझं डोकं त्या दिवशी वकिलासारखं चाललं होतं. अट काय होती? परका पाहिजे, नात्यातला नको. आणि बाबूजी स्वतः इतकी वर्षं काय म्हणतात? कोणी लागत नाही. म्हणजे परका. आणखी कुणाची साक्ष काढायची गरज नाही, त्यांचीच पुरे. फक्त त्यांनी नेहमीचं वाक्य आणखी एकदा म्हणायचं होतं आणि खोली आमची होती. "तू न्हाई सांगितलं तर मी सांगतो," मी पारसला म्हणालो.

संध्याकाळी बाबूजी वर आले. मागून प्रेमबाई फराळाची ताटली घेऊन आल्या. मी उभा राहून म्हणालो, "बाबूजी, माणूस मिळाला. जालन्यातलाच हाये. त्याची साइट आपल्या चौकटीवर चालू हाये, आत्ता, ह्या घडीला."

"आरे वा. कोण?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कनिकाची तक्रार खोटी नव्हती. आता बेअरिंग गोल असते, तिचा फोटो उभा आहे की आडवा हे कंपनीलाही सांगता येणार नाही. गोची पहिल्या पानावर होती. तिथे मालकाचा फोटो लावलेला. रामकिशनकाका स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण आडवे, नवा सदरा, हात जोडलेले आणि डोळे उघडे.

बाबूजी स्क्रीनजवळ वाकले.

"हा असा आडवा कामून पडलाय?" बाबूजींनी विचारलं.

"फोटो आडवा दिसून राह्यला, बाबूजी. आमच्याकडून चूक हाये."

"तब्येत?"

"तब्येतीचं काही न्हाई. नुसता फोटो."

बाबूजींनी मान उजव्या खांद्याकडे वाकवली, भाऊ सरळ दिसेल इतकी. समोरून आला तरी ज्याच्याकडे वर मान करून पाहायचं नाही असा त्यांचा नेम होता, त्याच्याकडे ते मान मोडेस्तोवर बघत राहिले. प्रेमबाईंनी ताटली टेबलावर ठेवली. "देवरजींचे केस सगळेच पिकले की," त्या हळूच म्हणाल्या.

हीच वेळ होती. पारस बोलणार नाही हे दिसत होतं. मीच बोललो.

"परका पायजे म्हणले होते तुम्ही, बाबूजी. आन तुम्हीच म्हणता, ते आपले कोणी लागत न्हाईत."

बाबूजींनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मी मनात त्यांच्यासाठी ते वाक्य म्हणत होतो, सोपं, पाच शब्दांचं, त्यांना झोपेतही येणारं.

"न्हाई," ते म्हणाले. "हे चालत न्हाई."

"कामून?"

"नात्यातला चालत न्हाई म्हणलो होतो ना मी? हर्षला न्हाई म्हणलं. तो तर मौसीचा. हा भाऊ हाये माझा. सख्खा. याला कसं हो म्हणू?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं पाठ असलेलं एक वाक्य, लग्नात, तेराव्याला, दुकानात, गिऱ्हाइकासमोर न चुकता म्हटलेलं, आणि ज्या एका दिवशी ते आमच्या कामाला येणार होतं नेमकं त्या दिवशी या माणसाला ते आठवेना. मला राग आला. आमची दोन वर्षं, फिनलंड, अंगठ्याचं मशीन, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ओरडावंसं वाटत होतं. पण पारसकडे लक्ष गेलं. तो रडत होता, आणि तो खोलीसाठी रडत नाही हे मला दिसत होतं, त्यामुळे मला ओरडताही येईना. असल्या वेळी ज्याचा राग खरा असतो त्याचीच सगळ्यात पंचाईत होते.

"खोली पाडव्याला खाली करा," बाबूजी म्हणाले. आवाज अगदी व्यवहाराचा होता. ते जिन्याकडे निघाले, पट्ट्यांची भेंडोळी चुकवत दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि परत वर आले.

"पाडवा परवा हाये," ते म्हणाले. "तोवर तुमचीच खोली. आधी याला उभा करा."

पारसने डोळे पुसून कोड उघडलं. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. बाबूजी आमच्या मागे उभे राहिले, मान तशीच वाकडी ठेवून, आणि आम्ही चूक शोधायला लागलो.